एका ओळीचे जयंतराव

जयंतरावांनी आयुष्यात कुणाला चुकीचं काम सांगितलं नाही. याचं कारण साधं आहे. त्यांनी कुणाला काम असं सांगितलंच नाही. ते फक्त सुचवायचे. दोन्ही हात हवेत धरून, त्यांच्यामध्ये कुणालाच न दिसणारं काहीतरी हलकेच दाबून बघायचे आणि म्हणायचे, "असं बघा, मोठं हवं, पण हलकं. येतंय ना लक्षात?" आम्ही सगळे इंजिनियर माना डोलवायचो. पगार त्या माना डोलवण्याचाच होता, हे मला फार उशिरा कळलं.

लोणावळ्यात वलवणच्या बाजूला एका बंगल्यात आमची कंपनी होती. बंगला मुळात शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी बांधलेला. त्याच्या पोहण्याच्या तलावाला तडा गेला, पाणी टिकेना, पाहुणे येईनात, तेव्हा मालकानं तो वर्षाच्या भाड्यानं जयंतरावांना देऊन टाकला. दिवाणखान्यात आमची टेबलं, स्वयंपाकघरात सर्व्हर, आणि उघडीप असली की कोरड्या तलावाच्या पायऱ्यांवर बसून मीटिंग. मुंबईच्या गिऱ्हाइकांना हे फार आवडायचं. जयंतराव त्यांना सांगायचे, "इथली हवाच अशी आहे की डोकं आपोआप चालतं." जुलै महिन्यात त्याच हवेनं आमच्या कीबोर्डवर बुरशी चढायची, ती आम्ही गिऱ्हाईक यायच्या आधी पुसून घ्यायचो.

माणूस दिसायला देखणा. इस्त्रीचा फिकट निळा शर्ट, वर बिनबाह्यांचं जाकीट, आणि बूट असे की भर पावसातही त्यांच्यावर चिखलाचा ठिपका नसायचा. लोणावळ्यात पावसाळ्यात स्वच्छ बूट ठेवणं हे सॉफ्टवेअर लिहिण्यापेक्षा अवघड काम आहे. ते कसं जमतं हे मी एकदा बघितलं. गाडी पायरीपासून किती अंतरावर थांबवायची, दार कुठल्या बाजूचं उघडायचं, छत्री आधी की पाय आधी, हे सगळं त्यांनी ड्रायव्हरला घोटून घोटून शिकवलं होतं. तेव्हा मला त्याचं विशेष काही वाटलं नाही.

दर सोमवारी ते पिवळ्या चिठ्ठ्या वाटायचे. प्रत्येक चिठ्ठीवर एक काम, आणि प्रत्येक काम एका ओळीचं. 'लॉगिन नीट करणे.' 'रिपोर्ट.' 'वेग वाढवणे.' एकदा मला आलेल्या चिठ्ठीवर नुसतं 'छान दिसणे' लिहिलेलं होतं. ते माझ्याबद्दल आहे की स्क्रीनबद्दल, हे विचारायला मी त्यांच्या खोलीत गेलो, तर त्यांनी माझ्याकडे मायेनं बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही हुशार माणसं आहात. हुशार माणसाला सगळं फोडून सांगणं म्हणजे त्याचा अपमान करणं. समजून घ्या."

हे 'समजून घ्या' त्यांचं आवडतं. शंका विचारणाऱ्याचं तोंड त्यानं आपोआप बंद व्हायचं, कारण पुन्हा विचारलं की आपण हुशार नाही हे आपणच कबूल केल्यासारखं. आम्ही बाहेर येऊन आपापल्या परीनं समजून घ्यायचो. म्हणजे तिघं एकाच गोष्टीचा तीन तऱ्हांनी अर्थ लावायचे आणि तिघंही तसं लिहायचे. आमच्या प्रोग्रॅममध्ये तारीख मोजायच्या तीन पद्धती होत्या आणि तिन्ही चालू होत्या. फायलींची नावं 'नवीन', 'नवीन दोन', 'शेवटची' आणि 'शेवटची खरी' अशी. 'शेवटची खरी' कुणी वापरत नव्हतं, पण ती काढली की सगळं बंद पडायचं.

खरं तर आमच्या धंद्यात काम सांगणं फार अवघड नाही. हे कुणासाठी करायचं, काय झालं म्हणजे झालं म्हणायचं, आणि काय करायचं नाही, एवढं लिहायचं. एका चिठ्ठीत एकच काम ठेवायचं, आणि ते असं ठेवायचं की संध्याकाळी दुसऱ्या कुणालाही, करणाऱ्याला न विचारता, झालं की नाही ते तपासता यावं. चार-पाच वाक्यं होतात. जयंतरावांकडे वेळ भरपूर होता, अक्षर सुंदर होतं आणि चिठ्ठ्यांचे गठ्ठे कपाटात पडलेले होते. तरी ती चार वाक्यं त्यांच्या हातून कधी उतरली नाहीत.

बंगले भाड्यानं देण्याची एक वेबसाइट आम्ही करत होतो. चिठ्ठी आली, 'सर्व बंगले दाखवणे.' माझ्या शेजारी बसणाऱ्या पोरानं सर्व बंगले दाखवले. त्यात जवळच्याच औंढे गावातला एक होता, ज्याचं छप्पर दुरुस्तीसाठी उतरवलेलं होतं. सुरतेहून एक कुटुंब आजीला, लहान बाळाला आणि खाकऱ्याच्या डब्यांना घेऊन तिथं येऊन उतरलं. वर बघितलं तर ढग. त्या कुटुंबातल्या गृहस्थांनी फोनवर जयंतरावांना जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवून जयंतराव शांतपणे बाहेर आले आणि सगळ्यांच्या देखत त्या पोराला म्हणाले, "छप्पर नसलेला बंगला लोकांना दाखवायचा नसतो, हेही आता मी सांगायचं?"

सगळे हसले. मीही हसलो. वाक्यच तसं होतं, अगदी बिनतोड. पण घरी जाताना मला वाटलं, व्हय महाराज, हेच तर सांगायचं असतं. कुठला बंगला दाखवायचा नाही एवढंच सांगायचं होतं, बाकी सगळं यंत्राला येतं. यंत्राला छप्पर म्हणजे काय ते ठाऊक नसतं, आणि तो पोरगा औंढ्याला कधी गेलेला नव्हता. त्याला ठाऊक असण्याचा एकच मार्ग होता, आणि तो मार्ग जाकीट घालून समोर उभा होता.

सलमा मुलाणी आमच्याकडे आली ती याच सुमारास. वराळ्याची मुलगी, वडिलांचं तळेगावात मिक्सर-शेगड्या दुरुस्तीचं दुकान. बोलायची कमी आणि बोलली की समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायची. पहिल्याच सोमवारी तिला चिठ्ठी मिळाली, 'सर्च सुधारणे.' ती उठली, जयंतरावांच्या टेबलापाशी गेली आणि चिठ्ठी त्यांच्यापुढं ठेवली.

"सर, हे काम नाही. ही इच्छा आहे."

"म्हणजे?"

"आता सर्चमध्ये काय बिघडलंय? काय झालं म्हणजे सुधारलं म्हणायचं? ते सांगा, मी दुपारपर्यंत करते."

जयंतरावांना आधी हे फार आवडलं. गिऱ्हाईक आलं की ते सलमाला बोलवून दाखवायचे. "आमच्या या मॅडम. क्वालिटीच्या बाबतीत फार कडक." पण क्वालिटी गिऱ्हाइकांपुढं मिरवायची वेगळी आणि रोज आपल्याच टेबलाशी येऊन उभी राहायची वेगळी. महिन्याभरात सलमा 'निगेटिव्ह' झाली. मग 'टीममध्ये न मिसळणारी' झाली. तिच्या चिठ्ठ्या परत यायच्या आणि जयंतराव त्या तशाच पुन्हा तिच्या टेबलावर ठेवून द्यायचे, जणू काही वाऱ्यानं उडून आल्या असाव्यात.

मी बरेच दिवस समजत होतो की या माणसाला नेमकं बोलताच येत नाही. काहींना सूर लागत नाही, तसं. मग एकदा ते मला गाडीतून बाजारात घेऊन गेले. त्यांना पँट शिवायला टाकायची होती. शिंप्याच्या दुकानात शिरल्यावर मी एक वेगळाच माणूस बघितला. खाली पायाशी मोहरी किती रुंद, हे त्यांनी बोटानं दाखवलं नाही, टेप मागून घेतला. डाव्या खिशात मोबाइल असतो म्हणून तो किती खोल हवा, पट्ट्याच्या लूप किती आणि त्यातली पाठीमागची कुठं हवी, बूट घातल्यावर कापड टाचेपासून किती वर राहिलं पाहिजे आणि बसल्यावर पायमोजा दिसता कामा नये. कमरेपाशी प्लीट नको, हे त्यांनी दोनदा सांगितलं. शेवटी शिंप्याकडून सगळं पुन्हा म्हणवून घेतलं आणि म्हणाले, "घालून बघितल्याशिवाय मी ती ताब्यात घेणार नाही, हे लक्षात ठेवा."

शिंपी बिचारा लिहून घेत होता. मी बाजूला उभा राहून बघत होतो आणि मला इतकी चीड आली की परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. यांना सगळं येत होतं. कुणासाठी, किती, काय नको आणि ताबा कधी, सगळं. फक्त पँट त्यांच्या अंगावर चढणार होती आणि सॉफ्टवेअर दुसऱ्यांच्या. ज्याच्या बोलण्यात काही ठरलेलंच नसतं त्याला कुणी खोटं पाडू शकत नाही, आणि जयंतरावांचा सगळा मोठेपणा त्या एका सोयीवर उभा होता.

मग आलं बसचं काम.

वराळ्याजवळच्या एका कारखान्यात आपल्या मावळातल्या पुष्कळ बायका कामाला जातात. कारखान्याची बस लोणावळ्याकडून त्यांना गोळा करत तिकडे नेते. बस कुठं आली ते बायकांना मोबाइलवर दिसावं आणि अडचण आली तर निरोप मिळावा, असं सॉफ्टवेअर त्यांना हवं होतं. कारखान्यातर्फे गाड्यांचं बघणारे काळोखेभाऊ आमच्याकडे यायचे. जाडजूड, पांढऱ्या मिशांचे, पायातल्या चपला दाराबाहेर काढून आत येणारे गृहस्थ. जयंतराव त्यांच्यापुढं हवेत हात फिरवायचे आणि भाऊ त्या दोन हातांच्या मध्ये नेमकं काय आहे ते वाकून बघायचे.

सलमाला चिठ्ठी मिळाली, 'बस रद्द झाल्यास निरोप जाणे.'

ती जयंतरावांकडे गेली तेव्हा मी तिथंच होतो. "सर, रद्द झाली हे ठरवणार कोण? ड्रायव्हर? भाऊ? की बस बराच वेळ जागची हलली नाही तर यंत्रानंच ठरवायचं? आणि निरोप कुणाला?"

"सलमा, किती खोलात जाता? बस आली नाही की कळवायचं. समजून घ्या."

चिठ्ठी परत गेली, परत आली. तारीख जवळ आली. जयंतरावांनी भाऊंना फोनवर सांगूनही टाकलं की काम झालंय. ते ऐकल्यावर सलमानं जे होण्यासारखं होतं ते केलं. ड्रायव्हरच्या मोबाइलवर एक बटण दिलं, ते दाबलं की निरोप जाणार. पुन्हा खोलीत जाऊन तिनं विचारलं, "ड्रायव्हरनं बटण दाबलं नाही तर कुणालाच काही कळणार नाही. चालेल?"

जयंतराव म्हणाले, "बघू."

हा त्यांचा दुसरा आवडता शब्द. तो होकार होता की नकार, हे पुढं काय घडतं त्यावर मागाहून ठरायचं.

पुढं घडलं ते असं. भर पावसात बायकांना घ्यायला लोणावळ्याकडे येताना बस कामशेतच्या अलीकडे रिकामीच बंद पडली. ड्रायव्हर बॉनेट उघडून आत डोकं घालून बसला. त्यानं बटण दाबलं नाही, आणि त्याचं काही चुकलंही नाही. त्याच्या मते बस रद्द झालेली नव्हती, आता चालू होणार होती. तिकडे औंढ्याच्या वळणावर बायका भिजत उभ्या. मोबाइलवर बस दिसत होती, आणि बटण दाबलेलं नसल्यानं येते आहे असंच दिसत होतं. हजेरी बुडेल म्हणून शेवटी त्या एका विटांच्या टेम्पोत चढल्या. टेम्पो घसरून रस्त्याकडेच्या चारीत गेला. बाकीच्या खरचटण्यावर निभावल्या, पण सुनंदा नावाच्या बाईचा उजवा हात कोपरातून मोडला. मशीनवरचं काम करणारी बाई, आणि तिचा उजवा हात.

सलमा त्याच संध्याकाळी दवाखान्यात जाऊन आली. दुसऱ्या दिवशी तिनं डबा उघडला नाही. मला एवढंच म्हणाली, "मी तेव्हा हात बांधून बसायला हवं होतं. करायलाच नको होतं." तिचं पुण्यातल्या एका कंपनीत जवळजवळ ठरलं होतं. आमच्या धंद्यात नवीन मालक जुन्याला फोन करतो. जयंतराव त्या फोनवर काय सांगतील, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. हिच्यामुळे एका बाईचा हात मोडला, एवढं एक वाक्य पुरलं असतं, आणि अशी वाक्यं जयंतरावांना बरोबर सुचतात.

काळोखेभाऊ आले. या वेळी चपला काढल्या नाहीत. बाहेर पाऊस, म्हणून सगळे दिवाणखान्यातच जमलो. भाऊ खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "साहेब, मला लय बोलायचं न्हाई. कंपनीत मला इचारत्यात, चूक कुनाची. ती सांगा. आन् सोमवारी बस पुन्ना बंद पडली तर हे तुमचं यंत्र काय करनार, त्ये बी सांगा."

जयंतराव उभे राहिले. चेहऱ्यावर दुःख होतं, आणि ते त्यांना शोभत होतं. "भाऊ, हे काम सलमाकडे होतं. मी कुणाला वाईट म्हणत नाही. पण त्या उद्यापासून आमच्याकडे नसतील. एवढं पुरेसं आहे असं मला वाटतं."

सलमा खुर्चीवरून उठली. तिचा आवाज जरा कापत होता, पण शब्द सुटे सुटे येत होते. "जाते सर. फक्त माझ्या जागी जो येईल त्याच्यासाठी काम लिहून ठेवा. बस बंद पडली तर काय व्हायला हवं. भाऊ समोर आहेत, आत्ताच लिहा."

"व्हय," भाऊ म्हणाले. "ल्ह्या की. मी बसतो."

जयंतराव हसले. मग सलमाच्या टेबलाशी बसले आणि टाइप करू लागले. आम्ही त्यांच्या मागं उभे होतो. पडद्यावर अक्षरं उमटली, 'बस उपलब्ध नसल्यास संबंधितांना योग्य वेळी सूचना मिळावी.'

भाऊंनी चष्मा लावून वाचलं. "संबंधित म्हंजी कोन? सुनंदा का मी?"

"अर्थात दोघंही."

"मंग दोघांची बी नावं घाला. आन् योग्य येळ म्हंजी किती मिनटं?"

जयंतरावांनी सलमाकडे बघितलं. भाऊंनीही बघितलं. "ताई, तुमी सांगा मग."

"मी सांगितलं की ते पुन्हा माझं होईल, भाऊ," सलमा म्हणाली. "ज्यांनी काम दिलं त्यांनी सांगू दे."

जयंतरावांनी 'दहा मिनिटे' लिहिलं. थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग त्याच्या आधी 'साधारण' घातलं. मग दोन्ही पुसून 'परिस्थितीनुसार' लिहिलं. त्यांच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता, त्या गार हवेत. दहा म्हटलं आणि अकराव्या मिनिटाला कुणाचं काही झालं, तर ते दहा त्यांचे होते. इतकी वर्षं त्या दहापासून ते पळत होते आणि आज ते समोर लिहायची वेळ आली होती. मला त्यांची कीव यायला हवी होती. ती आली नाही, आणि आज इतक्या दिवसांनीही येत नाही.

भाऊ उठले. "ऱ्हाऊ द्या, साहेब. कळलं मला. यात ताईंचा काय बी दोष न्हाई. काम कसं करायचं त्येच कुनी ठरवलं न्हवतं, आसं मी कंपनीत सांगतो. कुनी इचारलं तर तुमच्या नव्या साहेबाला बी सांगीन, ताई. आन् सोमवारपास्नं बायास्नी मी सोता फोन करीन, तुमचं यंत्र ऱ्हाऊ द्या हितंच." मग दारापाशी थांबून सलमाला म्हणाले, "चला, मी वराळ्यालाच निघालोय, सोडतो."

भाऊंनी शब्द पाळला. पुण्याच्या कंपनीनं जयंतरावांना फोन केलाच होता, पण सलमानं नंबर दिला म्हणून तिथल्या बाईंनी काळोखेभाऊंनाही केला, आणि सलमा आज तिथं आहे. सुनंदाचा हात जुळला, पण मशीनवर तिला पुन्हा घेतलं नाही. भाऊंनी भांडून तिला पॅकिंगला लावून घेतलं. मीही थोड्या दिवसांत कंपनी सोडली. त्यानंतर जयंतरावांना मी भेटलो नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढं ते अजून त्या दुपारचेच आहेत.

भाऊंची जीप फाटकाबाहेर गेली. बाकीचे आपापल्या जागी जाऊन बसले. जयंतराव अजून सलमाच्या खुर्चीवर होते, पडद्यावर 'परिस्थितीनुसार' तसंच होतं, पुढं कर्सर लुकलुकत होता. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, पिवळी चिठ्ठी ओढली आणि सरसर लिहायला लागले. एकदाही थांबले नाहीत, काही खोडलं नाही. लिहून झाल्यावर चिठ्ठी माझ्या हातात दिली.

'सलमा मुलाणी यांचं ईमेल आणि सर्व्हरचा पासवर्ड आज सायंकाळी पाचच्या आत बंद करणे. फाटकाच्या यादीतून नाव काढणे. त्यांनी केलेलं काम पुसायचं नाही. बंद झाल्यावर स्वतः त्यांच्या नावानं आत शिरून बघणे, शिरता आलं नाही म्हणजे काम झालं. सव्वापाचला मला येऊन सांगणे.'

मी ती दोनदा वाचली. कुणाचं, किती वाजेपर्यंत, काय करायचं नाही, आणि झालं हे ओळखायचं कसं, सगळं होतं. जयंतरावांनी पेनला टोपण लावलं, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तिथल्या सगळ्या नोकरीत पहिल्यांदाच विचारलं, "काही शंका?"

नव्हती.